चाळिशीतल्या बाईचा प्रश्न : तज्ज्ञांच्या सहमती-परिषदा आणि आरोग्यधोरण

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी साधा प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "सर, वर्तमानपत्रात रोज येतं की तज्ज्ञांचं असं मत आहे. हे तज्ज्ञ म्हणजे नेमके कोण, आणि त्यांचं मत एक कसं होतं?" वेळ संपली होती, म्हणून आम्ही तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. घरी गेल्यावर ते टोचत राहिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची परतफेड समजा.

वैद्यकातलं एखादं यंत्र, तपासणी किंवा शस्त्रक्रिया चांगली की वाईट, हे ठरवायला तज्ज्ञांना एका खोलीत बसवायचं, दोन-तीन दिवसांत त्यांच्याकडून एक लेखी निवेदन घ्यायचं आणि ते सरकारच्या, विमा कंपन्यांच्या, डॉक्टरांच्या हाती द्यायचं, ही कल्पना तशी नवी आहे. तिला जन्मतारीखसुद्धा आहे : सप्टेंबर 1977. स्थळ अमेरिकेतलं बेथेस्डा, वॉशिंग्टनच्या शेजारी, जिथे तिथली राष्ट्रीय आरोग्य संस्था आहे. सगळे तिला एनआयएच म्हणतात, आपणही तेच म्हणू. पहिल्या सहमती-परिषदेचा विषय होता स्तनाच्या कर्करोगासाठी धडधाकट बायकांची मॅमोग्राफीनं चाळणी करावी की नाही. गंमत अशी की या विषयातला एक तुकडा, म्हणजे चाळिशीतल्या बायकांचं काय करायचं हा प्रश्न, त्या दिवसापासून आजपर्यंत सुटलेला नाही. म्हणून आम्ही आज सगळा इतिहास सांगत बसणार नाही. या एका प्रश्नाचं बोट धरून चालू, वाटेत दोन-तीन ठिकाणी थांबू.

आधी पार्श्वभूमी. 1965 मध्ये अमेरिकेत मेडिकेअर आणि मेडिकेड सुरू झालं. म्हातारे आणि गरीब यांच्या उपचारांचं बिल सरकार भरू लागलं. कायद्यात शब्द होते, उपचार 'वाजवी आणि आवश्यक' असला पाहिजे. आता वाजवी काय, आवश्यक काय, हे कोण सांगणार? तोवर डॉक्टर सांगत आणि लोक ऐकत. पण साठ-सत्तरच्या दशकांत बऱ्याच गोष्टींनी हा विश्वास हलवला. 1962 मध्ये मिनेसोटाचे नामांकित सर्जन ओवेन वँगेन्स्टीन यांनी जठरव्रणावर एक उपाय काढला. पोटात फुगा सोडून जठर गोठवायचं. यंत्रं भराभर विकली गेली, हजारो रुग्णांची जठरं गोठवली गेली. 1969 मध्ये नीट नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा कळलं की थंड फुगा आणि साधा फुगा यांत काही फरक नाही. मग सत्तरच्या दशकात सीटी स्कॅनर आला. अप्रतिम यंत्र, आणि तितकंच महाग. प्रत्येक रुग्णालयाला ते हवं झालं. 1978 मध्ये अमेरिकी संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यांकन कार्यालयानं लिहून ठेवलं की प्रचलित वैद्यकीय पद्धतींपैकी जेमतेम 10 ते 20 टक्केच नियंत्रित चाचण्यांनी उपयुक्त ठरलेल्या असाव्यात, असा अंदाज आहे. अंदाजच तो, पण सरकारी कार्यालयानं छापला म्हटल्यावर खळबळ व्हायचीच.

त्याच सुमारास आर्थर कँट्रोविट्झ नावाचे भौतिकशास्त्रज्ञ 'विज्ञान न्यायालया'ची कल्पना मांडत होते. शास्त्रीय वाद असेल तिथे दोन्ही बाजूंचे वकील असावेत, न्यायाधीशही शास्त्रज्ञच, पण त्या वादाबाहेरचे. ते न्यायालय काही उभं राहिलं नाही. एनआयएचचे तेव्हाचे संचालक डोनाल्ड फ्रेड्रिकसन यांच्या काळात जे उभं राहिलं ते त्याचं सौम्य भावंड म्हणावं असं. थोडं न्यायालय, थोडी शास्त्रीय परिषद, थोडी गावकीची सभा. बारा-पंधरा जणांचं मंडळ. त्यात सरकारी नोकर नको, ज्यांनी त्या विषयावर आधीच जाहीर भूमिका घेतली आहे ते नकोत, ज्यांचा पैशाचा संबंध आहे ते नकोत. आधी ठरवून दिलेले चार-पाच प्रश्न. दीड दिवस संशोधक येऊन आपापले पुरावे मांडणार, तेही भरसभेत. सभेतलं कुणीही उठून बोलू शकतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळ एका खोलीत बसतं आणि निवेदन लिहितं. बहुतेक वेळा पहाट होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते निवेदन सभेत वाचून दाखवायचं, आक्षेप ऐकायचे, थोडी दुरुस्ती करायची आणि दुपारी पत्रकार परिषद.

ती जी रात्र आहे ना, तिच्यावर पुष्कळ टीका झाली. झोप न झालेल्या माणसांनी पहाटे तीन वाजता केलेली तडजोड म्हणजे सत्य काय? टीका रास्त आहे. आम्ही स्वतः विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांवर अनेक वर्षं बसलो, पहाटेपर्यंत नव्हे पण जेवणाची वेळ टळेपर्यंत. भुकेल्या माणसांचं एकमत फार लवकर होतं.

आता मूळ प्रश्नाकडे. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या एका आरोग्यविमा योजनेनं एक मोठी चाचणी सुरू केली. 40 ते 64 वयाच्या सुमारे 62 हजार बायका. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला दरवर्षी मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून तपासणी, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. सॅम शपिरो आणि फिलिप स्ट्रॅक्स ही त्यातली मुख्य नावं. काही वर्षांनी दिसलं की तपासणी झालेल्या गटात स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू कमी आहेत. पण हा फायदा पन्नाशीच्या पुढच्या बायकांत दिसत होता, चाळिशीतल्यांत दिसत नव्हता. त्याचं कारण काही अंशी शरीरात आहे. तरुण वयात स्तनातली ऊती दाट असते, क्ष-किरण चित्रात ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. शिवाय या वयात आजारच मुळात कमी बायकांना होतो. म्हणजे फायदा असला तरी तो दिसायला फार बायका आणि फार वर्षं लागणार.

तरीही 1973 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून देशभर प्रात्यक्षिक केंद्रं उघडली. 35 वर्षांपासून पुढच्या सुमारे 2 लाख 80 हजार बायकांची फुकट तपासणी. 1976 मध्ये त्याच कर्करोग संस्थेतल्या जॉन बेलार यांनी लेख लिहिला. तरुण बायकांना फायदा सिद्ध नाही, आणि वर्षानुवर्षं किरणोत्सर्ग द्यायचा तर त्यानंच काही जणींना कर्करोग होईल, हा हिशोब कुणी केला आहे का? एकच गोंधळ उडाला. त्यातच जुन्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्यावर असंही आढळलं की शस्त्रक्रिया झालेल्या काही बायकांच्या नमुन्यात फेरतपासणीत कर्करोग दिसतच नव्हता. या आगीवर पाणी टाकायला म्हणून सप्टेंबर 1977 ची परिषद भरली. मंडळानं सांगितलं : पन्नाशीपुढे नियमित मॅमोग्राफी ठीक. 40 ते 49 मध्ये फक्त जिला स्वतःला आधी कर्करोग झाला आहे किंवा जिच्या आईला-बहिणीला झाला आहे तिलाच. त्याहून लहान वयात, स्वतःला आधी झाला असेल तरच. सरकारी प्रकल्पानं हे नियम मान्य केले. शिफारस झाली आणि धोरण बदललं, इतकं सरळ पुढे फार क्वचित घडलं.

इथे जरा थांबू, कारण 1979 ची परिषद या सगळ्या मालिकेत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

स्तनाच्या कर्करोगावर तेव्हा अमेरिकेत जी शस्त्रक्रिया सर्रास होई ती विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. हात सुजायचा, खांदा जखडायचा. आणि पद्धत अशी की बाईला गाठीची तपासणी म्हणून भूल द्यायची, ती गुंगीत असतानाच तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि कर्करोग निघाला तर तिथेच पूर्ण शस्त्रक्रिया उरकायची. बाई शुद्धीवर येईपर्यंत तिला माहीत नसे की काय झालं.

आमच्या एका आत्याचं मुंबईत असंच झालं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कागदावर सही आतोबांनी केली होती. आत्या त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगली. मोठ्या उत्साहाची बाई, पण त्या विषयावर एकच वाक्य बोलायची : "मला कुणी विचारलंच नाही रे."

अमेरिकेत हेच वाक्य रोझ कुशनर या पत्रकार बाईंनी फार मोठ्यानं उच्चारलं. त्यांना स्वतःला 1974 मध्ये गाठ सापडली. तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी करा एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांना सर्जनमागून सर्जन पालथे घालावे लागले. 1975 मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, मग सभा, पत्रं, भांडणं. जून 1979 मध्ये एनआयएचनं प्राथमिक स्तन-कर्करोगाच्या उपचारांवर सहमती-परिषद भरवली, तेव्हा मंडळात कुशनर होत्या. डॉक्टर नाहीत, संशोधक नाहीत, स्वतः रुग्ण. दुसरीकडे बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीचे निष्कर्ष हळूहळू येत होते : स्नायू काढून काही जास्त आयुष्य मिळत नाही. मंडळानं निवेदनात म्हटलं की छातीचे मोठे स्नायू राखून केलेली शस्त्रक्रिया समाधानकारक पर्याय आहे, आणि तपासणी व शस्त्रक्रिया या शक्यतो दोन टप्प्यांत कराव्यात, मधल्या काळात रुग्णाशी बोलावं. हे दुसरं वाक्य निवेदनात यायला कुशनर कारण, असं या विषयाचे सगळे इतिहासकार सांगतात. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यानं स्तन-कर्करोगाच्या रुग्णाला सर्व पर्याय सांगणं बंधनकारक करणारा कायदा केला, पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियानं.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला जे विचारावंसं वाटतं ते विचारतो. कुशनर यांनी त्या खोलीत कोणतं ज्ञान आणलं? स्नायू काढल्यानं आयुष्य वाढतं का, हे त्यांना फिशर यांच्याहून जास्त ठाऊक नव्हतं. पण 'बाईला मधल्या काळात शुद्धीवर येऊ द्यावं का' हा प्रश्न चाचणीनं सुटणारा नव्हताच. तो कुणी प्रश्न म्हणून मांडेपर्यंत सर्जनांना तो प्रश्न वाटतही नव्हता. तज्ज्ञांच्या निवेदनात दोन जातीची वाक्यं शेजारी शेजारी बसलेली असतात. काही वाक्यं जग कसं आहे ते सांगतात, काही आपण काय करावं ते सांगतात. दोन्हींचा स्वर सारखाच असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला शिवण दिसत नाही. आज पुढे जे भांडण आपण बघणार आहोत, ते त्या शिवणीवरच उसवलं.

न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे सत्य कळावं म्हणून केलेली चर्चा, त्यात हरण्यात कमीपणा नाही. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी. वितंडा म्हणजे स्वतःचं काही मांडायचं नाही, फक्त दुसऱ्याचं पाडायचं. सहमती-परिषदेची सगळी रचना, म्हणजे पक्ष न घेतलेलं मंडळ, भरसभेत पुरावे, मध्यस्थ अध्यक्ष, ही चर्चा वादाच्या पातळीवर राहावी म्हणून केलेली आहे. ती खोलीच्या आत बहुधा राहते. निवेदन खोलीबाहेर पडलं की काय होतं, त्यावर रचनेचा काही ताबा नाही.

निवेदनांनी खरंच काही बदललं का? यावर ऐंशीच्या दशकात अभ्यास झाले. रँड या संस्थेच्या संशोधकांनी वॉशिंग्टन राज्यातल्या रुग्णालयांचे कागद तपासले. 1987 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष एनआयएचला आवडण्यासारखा नव्हता : निवेदनं डॉक्टरांपर्यंत बऱ्यापैकी पोचली, पण डॉक्टरांची वागणूक त्यांच्यामुळे फारशी बदलली नाही. हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया मागे पडत होती हे खरं, पण ती परिषदेच्या आधीपासूनच पडत होती. कॅनडात याहून मजेशीर प्रकार निघाला. तिथे 1986 मध्ये सिझेरियन कमी करण्याबद्दल राष्ट्रीय सहमती-निवेदन निघालं. जोनाथन लोमस आणि सहकाऱ्यांनी ऑन्टॅरिओतल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारलं. जवळजवळ सगळ्यांना निवेदन माहीत होतं, बहुतेकांना पटलेलं होतं, एक तृतीयांशांनी सांगितलं की आम्ही वागणं बदललं. मग रुग्णालयांच्या नोंदी बघितल्या, तर आकडे जवळजवळ तिथेच! नंतर याच गटानं वेगळा प्रयोग केला. गावातल्या ज्या प्रसूतितज्ज्ञाचा शब्द इतर डॉक्टर मानतात त्यालाच हाताशी धरलं, तेव्हा मात्र आकडे हलले. आपल्याकडे हे कुणाला नवं वाटू नये. जीआर निघणं आणि गावातल्या मोठ्या माणसानं सांगणं यांतला फरक आपल्याला आजी-आजोबांपासून ठाऊक आहे.

पण याचा अर्थ परिषदा निरुपयोगी होत्या असा नाही. त्यांचा जोर डॉक्टरांच्या हातावर कमी पडला, तिजोरीच्या किल्लीवर जास्त पडला. 1983 च्या जून महिन्यातली यकृत-प्रत्यारोपणाची परिषद बघा. थॉमस स्टार्झल 1963 पासून ही शस्त्रक्रिया करत होते, पण विमा कंपन्या तिला 'प्रायोगिक' म्हणत. प्रायोगिक म्हटलं की पैसे द्यायचे नाहीत. मुलाच्या यकृतासाठी आईबाप वर्गणी गोळा करत, टीव्हीवर जाऊन आवाहन करत. परिषदेनं म्हटलं की ही उपचारपद्धती आता अधिक व्यापक वापराला योग्य झाली आहे. वाक्य एवढंच, पण 'प्रायोगिक' हा शिक्का निघाला आणि खासगी विमा व सरकारी योजनांची दारं एकेक करून उघडू लागली. 1984 मध्ये अवयव-प्रत्यारोपणाचा राष्ट्रीय कायदाही आला. 1994 मध्ये दोन परिषदा अशाच फळल्या. जठरव्रणावर जंतुनाशक द्या हे बॅरी मार्शल दहा वर्षं ओरडून सांगत होते, त्यावर शिक्का बसला. दुसरी, अकाली प्रसूतीच्या आधी आईला स्टेरॉइड देण्याबद्दल. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हाउवी यांनी 1972 मध्येच दाखवलं होतं की त्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतात. बावीस वर्षं पुरावा साठत गेला, आणि तरी अमेरिकेत ज्यांना ते मिळायला हवं अशा पाचांत एकीलाही मिळत नव्हतं. परिषदेनंतर वापर झपाट्यानं वाढला. इथे निवेदनानं डॉक्टरांचं वागणंसुद्धा बदललं. आधी सांगितलेल्या निष्कर्षाला हा अपवाद आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

एव्हाना ही कल्पना जगभर गेली होती. स्वीडननं 1982 मध्ये खुब्याच्या सांधेबदलावर परिषद घेतली, ब्रिटनमध्ये किंग्ज फंडनं 1984 मध्ये हृदयाच्या बायपासवर. डेन्मार्कनं तर 1987 पासून ती उलटीच केली : मंडळात सामान्य नागरिक, आणि तज्ज्ञ त्यांच्यापुढे साक्षीला. डॅनिश लोकांचं आम्हाला फार कौतुक वाटतं, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता जानेवारी 1997. पुन्हा बेथेस्डा, पुन्हा तोच प्रश्न. मधल्या काळात स्वीडन, कॅनडा, स्कॉटलंड इथल्या चाचण्या झाल्या होत्या. स्वीडनच्या नव्या आकड्यांत चाळिशीतल्या बायकांनाही थोडा फायदा दिसू लागला होता. बारा जणांचं मंडळ, अध्यक्ष जॉन्स हॉपकिन्सचे साथरोगतज्ज्ञ लिऑन गॉर्डिस. मंडळानं म्हटलं की चाळिशीतल्या सगळ्या बायकांना सरसकट मॅमोग्राफीची शिफारस करण्याइतका पुरावा आज नाही. प्रत्येकीनं फायदे-तोटे समजून स्वतः ठरवावं, आणि ज्यांना करायची आहे त्यांचा खर्च विम्यानं द्यावा.

आम्हाला हे निवेदन वाचताना आत्याची आठवण आली. इथे तर तिला विचारायला सांगितलं होतं! पण सभागृहात संताप उसळला. क्ष-किरणतज्ज्ञ खवळले. ज्यांचा कर्करोग चाळिशीत मॅमोग्राफीनं सापडला होता अशा बायका उठून बोलल्या, आणि त्यांच्यापुढे सरासरीची भाषा कोण बोलणार? राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे संचालक रिचर्ड क्लॉस्नर यांनी आपल्याला धक्का बसल्याचं जाहीरपणे सांगितलं. संसदेत सुनावण्या झाल्या, गॉर्डिस यांना तिथे जाब द्यावा लागला. फेब्रुवारीत सेनेटनं ठराव केला की कर्करोग संस्थेच्या सल्लागार मंडळानं फेरविचार करावा. मतं किती पडली? 98 विरुद्ध शून्य. एखाद्या शास्त्रीय प्रश्नावर इतकं एकमत सहमती-परिषदांच्या इतिहासात आढळणार नाही. खुद्द त्या परिषदेतही नव्हतं, छापील निवेदनाला दोन सदस्यांची भिन्नमतपत्रिका जोडलेली आहे. मार्चमध्ये सल्लागार मंडळानं शिफारस केली : चाळिशीपासून दर एक ते दोन वर्षांनी मॅमोग्राफी. क्लिंटन सरकारनं केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या विम्यात ती घातली.

कोण चुकलं? आमचं मत सांगतो, पटलं नाही तर प्रश्नोत्तरात भांडा. पुराव्याच्या वाचनात मंडळ चुकलं नव्हतं. चूक झालीच असेल तर ती 'सहमती' या शब्दाची. कोंदॉर्से यांनी 1785 मध्ये गणितानं दाखवलं होतं की पुष्कळ माणसं प्रत्येकी अर्ध्याहून थोडी जास्त बरोबर असतील, तर बहुमत जवळजवळ नक्की बरोबर ठरतं. पण त्यासाठी एक अट आहे, प्रत्येकानं स्वतंत्रपणे ठरवलेलं असलं पाहिजे. एका शाखेत शिकलेले, एकच नियतकालिकं वाचणारे, एका खोलीत रात्रभर बसलेले लोक स्वतंत्र नसतात. आणि चाळिशीतला प्रश्न हा असा की थोडासा फायदा, भरपूर खोटे इशारे, अनावश्यक सुया आणि जागलेल्या रात्री, हे एका तराजूत कसे तोलायचे? तिथे बाराही जण सहमत झाले तरी ती बारा जणांची आवड असते. मंडळानं ते प्रामाणिकपणे ओळखलं आणि वजनकाटा बाईच्या हातात दिला. ज्या लोकांना 'हो' किंवा 'नाही' ऐकायची सवय होती त्यांना ती टाळाटाळ वाटली. विरोधकांचंही एक म्हणणं खोटं नव्हतं. बाईनं स्वतः ठरवावं म्हणणं सोपं, पण जिच्या डॉक्टरकडे पाच मिनिटं आहेत आणि जिच्या विमा कंपनीला 'शिफारस नाही' एवढंच वाचायचं आहे, तिच्या हाती प्रत्यक्षात काय येतं?

पुढचं थोडक्यात. 2009 मध्ये प्रतिबंधक सेवांच्या अमेरिकी कार्यदलानं पुन्हा तेच म्हटलं, चाळिशीत सरसकट नको. पुन्हा तोच गदारोळ. 2010 च्या आरोग्यविमा कायद्यात तर विम्याच्या कामापुरती 2009 ची शिफारस बाजूला ठेवून आधीची चालू धरली. विज्ञानाची तारीख कायद्यानं मागे नेली म्हणा ना! 2024 मध्ये त्याच कार्यदलानं चाळिशीपासून दर दोन वर्षांनी तपासणी करावी असं सांगितलं. स्वीडनमध्ये चाळिशीपासून बोलावतात. ब्रिटनमध्ये चाळिशीतल्या बायकांची सुमारे 1 लाख 60 हजारांची चाचणी झाली, पहिल्या दहा वर्षांत मृत्यू काहीसे कमी झाल्याचं 2020 मध्ये छापून आलं, तरी तिथे आजही पन्नाशीपासूनच बोलावतात. सगळ्यांपुढे पुरावा एकच आहे.

एनआयएचची परिषद-मालिका दीडशेहून जास्त परिषदांनंतर 2013 मध्ये बंद झाली. शेवटची परिषद गरोदरपणातल्या मधुमेहावर होती. एकाच टप्प्याची नवी चाचणी घ्यावी का, घेतली तर रुग्णांची संख्या दुप्पट-तिप्पट होईल, मंडळानं नको म्हटलं. आपल्याकडे केंद्र सरकारनं 2014 मध्ये नेमकी उलट वाट धरली. जेवली असो वा नसो, गरोदर बाईला 75 ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी रक्त बघायचं. यात मूर्खपणा काही नाही. ज्या बाईला उपाशीपोटी दुसऱ्यांदा दवाखान्यात येणं जमणार नाही, तिच्यासाठी चाचणीही वेगळी लागते.

स्तन-कर्करोगाचंही तसंच. मॅमोग्राफीची यंत्रं गावोगाव नेणं आपल्याला परवडणारं नव्हतं. म्हणून टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत वेगळाच प्रश्न विचारला : जेमतेम शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातांनी तपासणी केली तर? 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजारांहून जास्त बायका, वीस वर्षं पाठपुरावा. निष्कर्ष 2021 मध्ये आले. गाठी आधीच्या टप्प्यात सापडल्या. मृत्यू एकंदरीत 15 टक्क्यांनी कमी दिसले, पण ते संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरले नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मात्र घट जवळजवळ 30 टक्के, आणि ती कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आत तशी नाही. न्यूयॉर्कमध्ये 1963 नंतर जी रेघ दिसली, ती धारावी-परळच्या बाजूला, यंत्राशिवाय, नुसत्या हातांनी केलेल्या तपासणीतही दिसली. हे वाचलं तेव्हा आम्ही कागद खाली ठेवला आणि चहा प्यायला उठलो.

दरम्यान 2016 मध्येच केंद्राच्या कार्यक्रमात आलं आहे की 30 ते 65 वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी हातानं तपासणी व्हावी. 30 की 50, यावर आपल्याकडे सेनेट बसली नाही, आरडाओरडा झाला नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, तुमची स्तनाची तपासणी आजवर एकदा तरी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या शंभरात एकही भरत नाही, 0.9 टक्के.

आमचा वेळ संपला. त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या बाई आज आल्या आहेत, त्या तिसऱ्या रांगेत दिसताहेत. पहिला प्रश्न त्यांचा.